परड्याचं माप उसाच्या काट्यावर नको

‘घरची भाजी परवडत नाही. बाजारात मेथीची पेंढी पंधरा रुपयांना मिळते, तेवढ्यासाठी राबायचं कशाला?’ शिरोळ तालुक्यातल्या कुठल्याही गावात परसबागेचा विषय काढा, सगळ्यात आधी हे वाक्य येतं. बोलणारा माणूस हिशेबात मुरलेला असतो. एकरी टनेज किती पडलं, कारखान्याने पहिली उचल किती दिली, युरियाचं पोतं कितीला झालं, हे त्याला तोंडपाठ असतं. त्यामुळे ऐकणारे माना डोलावतात आणि विषय तिथेच मिटतो. पुढे कधीतरी घरामागच्या परड्यात कोबा होतो, नाहीतर ठिबकच्या जुन्या नळ्या, मोडकं औत आणि खताची रिकामी पोती तिथे पडून राहतात.

हा युक्तिवाद मला मान्य नाही. तो व्यवहारी वाटतो म्हणून सगळे त्याच्यापुढे गप्प बसतात, पण व्यवहाराच्या कसोटीलाच तो उतरत नाही. आधी तेवढंच तपासू.

एक गुंठा घ्या. आपल्याकडे एकरी ४० टन ऊस म्हणजे सर्वसाधारण ऊस. शंभर टनांवर जाणाऱ्याचा सत्कार होतो, म्हणजे तसे थोडेच. चाळीस टनांनी गुंठ्याला एक टन पडतो, साठ टनांनी दीड. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. उतारा जास्त असेल तर ती वाढते, तोडणी-वाहतूक वजा झाली की उतरते. ढोबळ मानाने टनाला तीन-साडेतीन हजार धरू. चांगल्या पिकलेल्या गुंठ्याचे पाच हजार झाले. त्यातून लागण, खत, भांगलण, पाणीपट्टी आणि औषध अजून वजा व्हायचं आहे. शिवाय हे पैसे सुरू उसाला वर्षाने आणि अडसालीला सोळा-अठरा महिन्यांनी दिसतात.

आता गुंठाभर भाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो भाजी लागली. एका गुंठ्यात एवढी भाजी बारा महिने निघेल असं मी म्हणत नाही. पाच माणसांसाठी साधारण दोन ते अडीच गुंठे लागतात असं कृषी विस्तारवाले सांगतात आणि ते बरोबर आहे. म्हणून मी गरजेच्या चौथ्या हिश्शावर येतो. रोज अर्धा किलो. वर्षाला १८० किलोच्या वर. किलोला सरासरी ४० रुपये धरले तर ७,३०० रुपये. रोज किलोभर निघाली तर १४,६०० रुपये, आणि नियमित हात फिरत असेल तर एका गुंठ्यात किलोभर निघणं अवघड नाही. वांग्याची दहा-बारा झाडं, दोन मांडवांवर दोडका आणि कारली, पोकळ्याचे आलटून पालटून पेरलेले वाफे, कोपऱ्यात शेवगा, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ, एवढंच सांभाळायचं आहे.

‘पण परड्यात ऊस लावतो कोण?’ असं कुणी म्हणेल. बरोबर. म्हणजे तुलना पाच हजारांशीही नाही, शून्याशी आहे. आज ती जागा काहीच देत नाही. ज्या तालुक्यात बांधावरून आणि सरीभर जमिनीवरून भावकीत कोर्टकचेऱ्या होतात, तिथे घराला लागून असलेला अर्धा-एक गुंठा वर्षानुवर्षं फुकट पडतो आणि त्याला आपण व्यवहार म्हणतो.

पाण्याचंही तसंच. उसाला लागवडीच्या हंगामाप्रमाणे दीड ते अडीच मीटर उंचीचं पाणी लागतं. दोन मीटर धरलं तर एका गुंठ्याच्या उसाला दोन लाख लिटर झाले. याउलट जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी ५५ लिटर पाणी घरात येत असेल, तर पाच माणसांच्या घरातून रोज सुमारे दोनशे लिटर सांडपाणी बाहेर पडतं आणि गटारीत जातं. भर उन्हाळ्यात अर्ध्या गुंठ्याच्या आसपास जागा त्यावर जगते. साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नये. केळ, अळू, शेवगा, नारळ यांना ते चालतं. भांडी विसळलेलं आणि भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वेगळं काढलं तर ते वाफ्यांना पुरवता येतं. गटारीवर डास वाढवण्यापेक्षा हे बरं, एवढं तरी कुणीही कबूल करावं.

हे सगळं मी नव्याने शोधून काढलेलं नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ते आयुष्यभर सांगितलं. ते गणिताचे प्राध्यापक, आणि शेतीकडेही त्यांनी गणिताच्याच नजरेने पाहिलं. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’शी जोडलेल्या तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी स्वतःच्या शेतात प्रयोग करून द्राक्षशेती कुठल्या कुठे नेली, हे आपल्या भागाला माहीत आहे. त्याच दाभोळकरांचं दुसरं म्हणणं मात्र आपण सोयीस्करपणे बाजूला ठेवलं. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, असं ते मांडत. जमीन किती एकर आहे यापेक्षा तुमच्याकडच्या पानांवर किती ऊन पडतं आणि त्याचं तुम्ही काय करता हे मोजा, असा त्यांचा आग्रह होता. द्राक्षातून पैसा दिसला म्हणून आपण ते उचललं. दहा गुंठ्यांतून पैसा दिसत नव्हता, जेवण दिसत होतं, म्हणून ते राहिलं. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्याची माती करून भाजी आणि फळझाडं वाढवली, ती याच विचाराच्या परंपरेत. ज्या कोल्हापुरात हा विचार घडला, तिथे तोडणी झाल्यावर फडातलं पाचट पेटवून देतात. परड्यातल्या वाफ्यावर चार बोटं जाड अंथरलं तर पाणी निम्म्याने कमी लागेल आणि वर्षभरात त्याची माती होईल, असं हे फुकटचं आच्छादन आहे.

पैशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलायला हवी. ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. त्यासाठीही आपल्या शेतकऱ्याला दरवर्षी जयसिंगपूरच्या मैदानात ऊस परिषदेला बसावं लागतं. टोळी कधी येणार ते मुकादमाच्या हातात, तोड कधी मिळणार ते चिटबॉयच्या हातात, दर कारखान्याच्या आणि सरकारच्या हातात. बिल जमा होतं ते सभासदाच्या खात्यावर, आणि सभासद बहुतेक घरांत पुरुष. त्यातून सोसायटीचं कर्ज वळतं होतं. उरलेल्या पैशातून ताटात काय येतं, ते घरातली बाई ठरवू शकत नाही. परड्यातल्या वांग्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही. सकाळी तोडलं की दुपारी पानात. एका घराच्या रोजच्या जेवणापुरती का होईना, पण ही सत्ता आहे. तिची किंमत पेंढीच्या दरात बसत नाही.

क्युबाचं उदाहरण इथे देण्याजोगं आहे, कारण तेही उसाचंच बेट. साखर सोव्हिएत संघाला चढ्या भावात विकायची आणि खायचं बरंचसं अन्न बाहेरून आणायचं, असं त्यांचं चाललं होतं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. साखरेचं गिऱ्हाईक गेलं, तेल गेलं, खत गेलं. तेव्हा हवानातल्या लोकांनी मोकळ्या प्लॉटवर, इमारतींच्या मागे, पडीक जागांत वाफे बांधले आणि भाजी पिकवली. सरकारने पुढे त्याला पाठबळ दिलं. क्युबाचं सगळं अन्न त्यातून भागलं असं कुणी म्हणू नये, ते खरं नाही. पण शहरातल्या माणसाच्या ताटात ताजी भाजी आली ती तिथून. एकाच पिकावर उभ्या असलेल्या समाजाने हे ध्यानात ठेवावं.

आता दुसरा आक्षेप, आणि हा पहिल्यापेक्षा वजनदार आहे. ‘आमची जमीन क्षारपड. उसाशिवाय काही येत नाही.’ तालुक्यातलं हे दुखणं खरं आहे आणि जुनं आहे. नदीकाठची काळी भारी जमीन, बारमाही पाट, निचऱ्याची सोय नाही. भूजल वर आलं आणि क्षार वर आले. उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो ती हीच जमीन. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करण्याचं मोठं काम इथे झालं, त्याचं कौतुक करायलाच हवं. पण ‘क्षारात उसाशिवाय काही येत नाही’ हे विधान शास्त्राला धरून नाही. मास आणि हॉफमन या अमेरिकी संशोधकांनी १९७७ साली पिकांची क्षार सोसण्याची मर्यादा मांडली. पुढे सुधारत गेलेली ती कोष्टकं आजही जगभर वापरतात. त्यानुसार मातीच्या अर्काची विद्युतवाहकता १.७ डेसिसिमेन्सच्या वर गेली की उसाचं उत्पादन घटू लागतं. पालकाची मर्यादा २ आहे. टोमॅटोची २.५. बीटाची ४. चवळीची ४.९. म्हणजे ज्या जमिनीत ऊस मार खातो, त्या जमिनीत चवळी निवांत उभी राहते. ज्यांना क्षार अजिबात चालत नाहीत ते घेवडा आणि गाजर. त्यांची मर्यादा १. कांदा, मुळा १.२. तेव्हा क्षारपड परड्यात घेवडा लावायचा, तो करपला की ‘इथे काही येत नाही’ म्हणायचं, ही पिकाची निवड चुकली. जमिनीला दोष देऊन उपयोग नाही. फळझाडांत आंबा आणि लिंबू अशा जागी धरत नाहीत. नारळ, चिकू, बोर, आवळा धरतात. वीतभर उंच गादीवाफा, भरपूर शेणखत आणि पाणी साचणार नाही अशी चर, एवढ्यावर मध्यम क्षाराचं परडं भाजी देतं. सगळ्यात वाईट जागी शेतातली माती आणून पोत्यांत भरावी. पाच-सहा पोती मिरची आणि वांगी कुठल्याही घराला जड नाहीत.

तिसरा आक्षेप महापुराचा. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या चार नद्यांच्या तालुक्यात २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हा आक्षेप कुणी घेतला तर त्याला गप्प करण्याचा हक्क कुणालाच नाही. घर सोडून ट्रॅक्टरमधून जनावरं हलवणाऱ्या माणसाला वाफ्यांची काळजी सांगू नये. तरी हिशेब पाहा. पुरात परडं जातं, तसा ऊसही जातो. पाणी शेंड्यावरून गेलं आणि सुरळीत गाळ बसला की शेंडा कुजतो, पांगशा फुटतात, आणि वर्ष-दीड वर्षाची कमाई पाण्यात जाते. पूर ओसरून वाफसा आल्यावर मेथी पेरली तर महिनाभरात खुडायला येते. मुळा सव्वा-दीड महिन्यात. पोकळा त्याहून लवकर. पुराच्या पाण्यात गावाची गटारं मिसळलेली असतात, म्हणून पहिल्या पेरणीत कच्चं खायचं काही घेऊ नये, शिजवून खायचंच घ्यावं; ही काळजी महत्त्वाची आहे. पण नुकसानीतून सगळ्यात आधी उभं राहतं ते परडं, हे मान्य करावं लागेल. पपई मात्र पूररेषेत लावू नका. दोन दिवस मुळाशी पाणी राहिलं की ती गेली. जांभूळ आणि पेरू बराच काळ तग धरतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. दूध थांबलं, भाजी थांबली. जी गावं उंचावर होती, ज्यांच्या घरात पाणी शिरलं नव्हतं, त्यांनाही भाजी मिळेना. ‘बाजारात मिळते’ हे वाक्य त्या दिवसांत किती पोकळ ठरलं, ते तेव्हा या तालुक्यात असलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे.

कीड-रोगांबद्दल बोलतो. ‘औषध मारल्याशिवाय वांगं येतच नाही,’ असं शेतकरी म्हणतो आणि त्याच्यापुरतं ते खरं आहे. त्याला बाजारात जायचं असतं. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचं एक भोक दिसलं की व्यापारी दर पाडतो, म्हणून तो फवारण्यांवर फवारण्या घेतो. फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचं अंतर बाजारभाव चढला की पाळलं जात नाही, हेही गावात सगळ्यांना ठाऊक आहे. घरच्या वांग्याला ही सक्ती नाही. कोमेजलेला शेंडा दिसला की आत अळी आहे. तो बोटाने खुडायचा आणि जाळून टाकायचा. दहा-बारा झाडांना सकाळची दहा मिनिटं लागतात. एखादं वांगं किडलं तर किडलेला भाग चिरून टाकायचा, उरलेलं रश्शात जातं. चार एकरवाल्याला हे जमणार नाही. परड्यात जमतं, कारण परडं लहान आहे. ज्या लहानपणाला आक्षेप घेणारे हसतात, तेच इथे कामाला येतं.

माझ्या परड्याला खरा त्रास अळीचा नाही, उसाचा आहे. मागच्या बाजूच्या फडात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी मारलं आणि त्या दिवशी वारं आमच्याकडे असलं, की आठवड्याच्या आत टोमॅटोवर दिसतं. कोवळी पानं रुंद होत नाहीत, अरुंद आणि लांब निघतात. त्यांच्यातल्या शिरा एकमेकींना समांतर उठून दिसतात. देठ खाली वळतो, शेंडा पिळवटतो, फूल धरत नाही. पाहणारा म्हणतो, व्हायरस आला. तो व्हायरस नसतो. ऊस गवताच्या कुळातला, त्याला या औषधाचं काही होत नाही; टोमॅटो, वांगी, भेंडी, द्राक्ष यांना त्याचा नुसता वासही पुरतो. तेव्हा ‘परड्यात काही येत नाही’ म्हणणाऱ्याने आधी आपला पंप कोणत्या वेळी आणि कोणत्या वाऱ्यात चालतो ते पाहावं. सकाळी वारं पडलेलं असताना, नोझलला टोपी लावून, घराकडच्या चार-पाच सऱ्या सोडून फवारलं तर शेजाऱ्याच्या ताटातली भाजी वाचते. एवढी शेजारधर्माची अपेक्षा करायला हरकत नाही.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. परसबागेचा प्रचार करताना काही जण लगेच कर्करोगावर येतात. या तालुक्यात गेली अनेक वर्षं त्या आजाराची चर्चा आहे, घराघरांत भीती आहे, आणि पंचगंगेच्या पाण्याचं काय झालं आहे ते तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पाहिलेल्यांना सांगायला नको. पण ‘घरची भाजी खा, कर्करोग होणार नाही’ असं सांगणं म्हणजे घाबरलेल्या माणसाला फसवणं आहे. त्या आजाराचं कारण शोधणं हे डॉक्टरांचं, आरोग्य खात्याचं, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम आहे, आणि त्यांच्याकडून ते करून घ्यायला हवं. चार वाफ्यांनी नदी स्वच्छ होत नाही. परसबागेवर नको तेवढा भार टाकला की ती पहिल्याच वर्षी मोडते आणि मग टीकाकारांना आयतं कोलीत मिळतं.

पोषणाबद्दलही असंच मोजून बोलावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे आकडे ४८ आणि ५३.८ होते. या चार-पाच वर्षांत राज्यात साखर कमी झाली नाही, रस्ते कमी झाले नाहीत, दुचाक्या कमी झाल्या नाहीत. रक्त कमी झालं. नुसत्या पालेभाजीने हे भरून निघत नाही, कारण पाल्यातलं लोह शरीर सहज घेत नाही. त्यावर लिंबू पिळलं, बरोबर पेरू खाल्ला, डाळ-कडधान्य आणि शक्य त्यांनी अंडी घेतली तर फरक पडतो. मग लिंबू, पेरू, शेवगा आणि चवळी घराजवळ असण्याला अर्थ येतो. ज्या घरात आठवड्यातून चार दिवस बटाटा आणि आमटी शिजते, तिथे चाकवत, चुका, अंबाडी, तांदळी, वरण्याच्या शेंगा येतात त्या बहुतेक करून परड्यातूनच. यातल्या निम्म्या भाज्या बाजारात हव्या तेव्हा मिळतही नाहीत. म्हणूनच ‘सगळ्यांनी घरी पिकवलं तर भाजीवाल्या शेतकऱ्याने खायचं काय?’ ही काळजीही खरी नाही. आपली घरं मुळात गरजेच्या निम्मी भाजीसुद्धा खात नाहीत. घरची भाजी वाढली तर ती ताटात भर म्हणून पडेल. बाजारातला टोमॅटो, कोबी, फ्लॉवर कुणी सोडणार नाही.

आता उरतो तो आक्षेप, ज्याच्यापुढे मी स्वतः थांबतो. एका आक्कांनी तो सरळ विचारला होता: ‘पहाटे उठून धारा काढायच्या, भाकऱ्या करायच्या, दिवसभर भांगलायला जायचं, आल्यावर परत चूल. त्यात आता तुमचं परडं कुणी शिंपायचं?’ याला उत्तर देताना आवाज चढवू नये. परसबागेच्या बहुतेक योजना बाईच्या नावावर येतात. ‘उमेद’ची पोषण परसबाग मोहीमही बचत गटांच्या मार्फतच चालली. बायकांनी ती मनापासून केली. पण योजनेच्या कागदावर बाईचे हे तास कुठेच मोजले जात नाहीत. पुरुषाने ‘परवडत नाही’ म्हणावं आणि बाईने ‘जमत नाही’ म्हणावं, यातलं दुसरं वाक्य खरं आहे. पहिलं खरं नाही. ज्या घरात दोन तरणे मुलगे संध्याकाळी कट्ट्यावर बसलेले असतात, त्या घरात परडं शिंपायला माणूस नाही हे कारण होऊ शकत नाही. वाफे खणणं, मांडव घालणं, शेणखत टाकणं, पाचट अंथरणं हे पुरुषाचं काम म्हणून ठरवून घ्यावं. शिंपणं मुलांनी करावं. काय लावायचं आणि काय तोडायचं हे बाईने ठरवावं. असं होणार नसेल तर त्या घरात परसबाग करू नका, असंच मी म्हणेन. बाईच्या डोक्यावर आणखी एक घागर ठेवून होणारी भाजी मला नको.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव इथे घ्यायला हवं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान भाज्यांचं आणि पिकांचं बियाणं जपलं, बियाणं बँक उभी केली; देशाने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या कामाची सुरुवात घराजवळच्या जागेत, घरातलं लहान मूल सतत आजारी का पडतं या प्रश्नातून झाली. कुणी योजना आणून दिली म्हणून ती झाली नाही. त्यांच्यासारखं बियाणं आपल्याकडेही होतं. दोडक्याचं वाळवून टांगलेलं फळ, राखेत घोळवलेलं वांग्याचं बी, पाचोळ्यात ठेवलेला भोपळा. अजूनही काही म्हाताऱ्या बायकांच्या फडताळात ते आहे. त्या गेल्या की जाईल.

आणि ज्यांना परडंच नाही त्यांचं काय? दाट गावठाणातली घरं, वस्तीवरची एका खोलीची घरं, जयसिंगपुरातले फ्लॅट, भाड्याने राहणारे कामगार. गच्ची असणाऱ्याला पोती आणि कुंड्या आहेत. पण ज्याला गच्चीही नाही, त्याला ‘कुंडीत लावा’ सांगणं म्हणजे त्याची अडचण न ऐकणं आहे. हा प्रश्न घराचा नाही, गावाचा आहे. शाळेच्या आवारात पोषणबाग असावी यासाठी केंद्राने २०१९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. काही शाळांत ती चांगली चालते, काही शाळांत तपासणीपुरती हिरवी होते. पाणवठ्याजवळची, टाकीखालची, ग्रामपंचायतीची तुकड्या-तुकड्यांतली जागा प्रत्येक गावात आहे. याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची दखल साऱ्या राज्याला घ्यावी लागली. शेकडो वर्षांची रूढी मोडण्याची हिंमत ज्या तालुक्यातली ग्रामसभा दाखवते, तिथे भूमिहीन घरांसाठी गुंठा-दोन गुंठे जागा आणि एक नळ ठरावाने देणं कुठल्याही गावाला अशक्य नाही.

कारखान्यांनाही एक विनंती आहे. सभासदाला तुम्ही उसाची रोपं देता, खत देता, माती तपासून देता. त्याच गाडीतून जूनच्या आधी प्रत्येक सभासदाच्या घरी वांगी, मिरची, टोमॅटोच्या रोपांचा एक ट्रे, शेवग्याची आणि पेरूची दोन-दोन रोपं, चवळी-दोडक्याचं बी आणि परड्यातल्या मातीची तपासणी द्या. खर्च एका वार्षिक सभेच्या मांडवाहून जास्त होणार नाही. पावती मात्र सभासदाबरोबर त्याच्या घरच्या बाईच्याही नावाने फाडा.